अडुळशाच्या पानात जे नव्हतेच

माझ्या नावावर छापलेल्या एका संशोधनलेखात अडुळशाच्या पानांतल्या रासायनिक संयुगांचा तक्ता आहे. त्यातली काही संयुगे अडुळशाने कधी बनवलेलीच नाहीत; ती प्लास्टिकच्या बाटलीतून आली होती. आणि अडुळसा जगभर ज्या संयुगामुळे ओळखला जातो, ते वासिसीन त्या तक्त्यात नाही. लेख छापून आला तेव्हा यातले काहीच माझ्या लक्षात आले नाही. पुढेही बरीच वर्षे आले नाही.

मी पुरुषोत्तमनगरचा. शहादा तालुक्यातले हे गाव सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवती वाढले. आजूबाजूला ऊस, केळी, पपई. उत्तरेला सातपुड्याची रांग. रसायनशास्त्र शिकवणे हा माझा व्यवसाय आहे आणि गावच्या झाडपाल्याचे रसायनशास्त्र हा आवडीचा विषय. अडुळसा निवडायला फार विचार करावा लागला नाही. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत म्हणून तो कुंपणाला लावलेला असतो, फांदी खोचली तरी जगतो, आणि खोकला आला की घरात पहिली आठवण त्याचीच होते. आपल्या मातीतल्या झाडाचे मोल आपण शास्त्राच्या भाषेत सांगू, असे मनापासून वाटत होते. ती इच्छा चुकीची नव्हती. मात्र तिच्या भरात एकेक पायरी न तपासता मी पुढे गेलो, ते चुकीचे होते. कुठल्या पायरीवर काय चुकले ते इथे क्रमाने लिहितो, कारण हेच काम आज खानदेशातल्या अनेक महाविद्यालयांत होते आहे आणि त्याच चुका होताना मला दिसतात.

पहिली चूक वाचनाची. अडुळशाच्या पानांवरचे काम जुने आहे. उटकमंडला सिंकोनाच्या कामावर नेमलेले सरकारी रसायनतज्ज्ञ डेव्हिड हूपर यांनी १८८८ मध्ये या पानांतल्या अल्कलॉइडची माहिती प्रसिद्ध केली आणि त्याला वासिसीन हे नाव दिले. क्विनाझोलीन वर्गातले हे संयुग. त्याच्या रेणूत कार्बनचे ११, हायड्रोजनचे १२, नायट्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचा १ अणू. हवेत ऑक्सिडीकरण होऊन त्याचे वासिसिनोन बनते. वासिसीनच्या रचनेचा धागा पकडून पुढे ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले आणि १९६० च्या दशकात बाजारात आले. अँब्रॉक्सॉल हा ब्रोमहेक्सिनचाच शरीरात होणारा पुढचा अवतार. तेही नंतर स्वतंत्र औषध झाले.

हे सारे मी अर्धवट वाचले आणि वर्गात सांगू लागलो की खोकल्याच्या औषधातले ब्रोमहेक्सिन अडुळशाच्या पानात असते. ते नसते. ब्रोमहेक्सिनच्या रेणूत ब्रोमीनचे दोन अणू आहेत, वासिसीनमध्ये एकही नाही. ब्रोमहेक्सिन कारखान्यात बनते. पानाने फक्त दिशा दाखवली. हा फरक बारीक नाही. पान आणि गोळी एकच असे विद्यार्थ्याच्या मनात बसले, की गोळीवर झालेल्या चाचण्यांचे श्रेय तो पानाला देतो आणि गोळीची मोजलेली मात्रा विसरून मूठभर पाने उकळतो. ते त्यांच्या मनात मीच बसवले होते.

दुसरी चूक शेताच्या बांधावरची. पाने गोळा केली तेव्हा झाडाला फुले नव्हती. अडुळशाची पांढरी, आत जांभळट रेघांची, ओठासारखी उघडणारी फुले पाहिली की शंका उरत नाही. नुसत्या पानांवरून ओळख पटवताना जपावे लागते, कारण महारुखाची पाने अडुळसा म्हणून विकली जातात आणि काळा अडुळसा म्हणतात ते झाड तर वेगळ्याच जातीचे आहे. फुलोरा येईपर्यंत थांबून, फुलापानांसकट फांदी दाबून वाळवून, तिला क्रमांक देऊन ती हर्बेरियममध्ये ठेवायला हवी होती. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे. मी यातले काही केले नाही. लहानपणापासून पाहतो ते झाड मला कोण ओळखवणार, असे वाटले. आज कुणी मला विचारले की तुझा नमुना अडुळशाचाच होता हे दाखव, तर माझ्याकडे दाखवायला काही नाही.

त्यातही मी दोन ठिकाणची पाने एकत्र केली. काही पुरुषोत्तमनगरच्या पाटचारीजवळची, काही तोरणमाळच्या वाटेवरून आणलेली. एका जागची कमी पडली म्हणून दुसरीकडची मिसळली. जमीन वेगळी, उंची वेगळी, पानांचे वय वेगळे. आणि पाटचारीच्या पलीकडे फवारणी होणारी पपईची बाग. फवाऱ्याचा अंश पानांवर आला असेल का, हा प्रश्नही मला पडला नाही.

याची खंत जास्त वाटते ती एका कारणाने. साखर कारखान्याच्या गावात वाढलेल्या माणसाला नमुना कसा घ्यावा हे कुणी शिकवायला नको. उसाची पक्वता पाहायची तर शेताच्या एका कडेचा एक ऊस मोडून चालत नाही. वेगवेगळ्या जागचे ऊस घ्यावे लागतात आणि बुडखा, मधला भाग, शेंडा यांचा ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण, वेगळा पाहावा लागतो. तोडलेला ऊस पडून राहिला तर त्यातली साखर ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये मोडते, म्हणून तो लवकरात लवकर गाळपाला जावा लागतो. तोडल्यानंतरही वनस्पतीचे रसायन बदलत राहते, हे आमच्या कारखान्याच्या कॉलनीतल्या पोरासोरांना ठाऊक असते. पानांची वेळ आली तेव्हा मी ते विसरलो.

तिसरी चूक वाळवण्याची. पाने सावलीत, हवेशीर जागी वाळवायची असतात. मी ती उन्हाळ्यात गच्चीवर पसरली. नंदुरबारच्या उन्हात ती एका दिवसात कडकडीत झाली आणि मला बरेच वाटले. उष्णतेने आणि हवेने त्यांत काय काय बदलले असेल याचा विचार केला नाही. वाळलेली पाने पॉलिथिनच्या पिशवीत भरली आणि काम सुरू होईपर्यंत तशीच ठेवली.

पाने मी धुतलीही नव्हती. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या सतत ये-जा करतात, रस्त्याकडेच्या झाडांवर धुळीचा थर बसतो. पुढे राखेची चाचणी केली. पान जाळून उरलेली राख हायड्रोक्लोरिक आम्लात उकळली की जे विरघळत नाही, ते बहुतांशी वाळू आणि माती, म्हणजे सिलिका. अडुळशाच्या कुळातल्या झाडांच्या पानांत कॅल्शियम कार्बोनेटचे खडे असतात. त्यामुळे एकूण राख जास्त भरते, पण ते खडे आम्लात विरघळून जातात. माझ्या नमुन्यात न विरघळणारी राखच भरपूर निघाली. औषधसंहिता या आकड्याला मर्यादा घालते ती नमुना किती मळका आहे हे कळावे म्हणून. मी मात्र लिहिले, “पानांमध्ये सिलिकाचे प्रमाण लक्षणीय आढळले.” रस्त्याची धूळ मी पानाचा गुण म्हणून छापली.

चौथी चूक परीक्षानळीतली. अल्कलॉइड पाहण्यासाठी मेयरचे अभिकर्मक घातले की दुधट साका बसतो, ड्रॅगेनडॉर्फचे घातले की नारिंगी. फेरिक क्लोराइडने टॅनिन काळपट निळे किंवा हिरवे होतात. अर्क पाण्यात हलवून फेस टिकला की सॅपोनिन. या चाचण्या स्वस्त आहेत, कुठल्याही प्रयोगशाळेत होतात, आणि म्हणूनच फसव्या आहेत. मेयरला काही प्रथिनेही साका देतात. ड्रॅगेनडॉर्फला काही कुमरिने प्रतिसाद देतात. नळी धुण्याच्या पावडरने धुऊन नीट खळबळली नाही तर फेस सॅपोनिनचा की पावडरचा, हे सांगता येत नाही. अर्काच्या गडद हिरव्या रंगात बारीक रंगबदल दिसतही नाही. या सगळ्यावर उपाय एकच: शेजारी एक कोरी नळी ठेवायची, जिच्यात अर्क सोडून बाकी सारे आहे, आणि एक नळी अशी, जिच्यात ते संयुग नक्की आहे. मी दोन्ही ठेवल्या नाहीत. नजरेने पाहिले आणि एक अधिक, दोन अधिक, तीन अधिक अशी चिन्हे टाकत गेलो. लेख लिहिताना मी त्याच चिन्हांना प्रमाण समजलो आणि तीन अधिक म्हणजे “विपुल” असे लिहिले. काहीही मोजलेले नव्हते.

आता तक्त्याकडे येतो. सर्वात मोठी चूक तीच.

जीसी-एमएस या यंत्रात मिश्रण तापवून वायुरूप करतात, लांब बारीक नळीतून सोडून त्यातले घटक एकेक करून वेगळे करतात आणि प्रत्येकाचे तुकडे करून त्या तुकड्यांची वस्तुमाने मोजतात. तुकड्यांचा नमुना संगणकातल्या संग्रहाशी जुळवला जातो आणि पडद्यावर नाव येते. ते नाव ही संगणकाची सूचना असते. “हे असू शकते, माझ्या संग्रहात यापेक्षा जवळचे काही नाही,” एवढाच तिचा अर्थ. खात्री करायची तर ते शुद्ध संयुग आणून त्याच यंत्रातून, त्याच परिस्थितीत चालवून पाहावे लागते.

शुल्क भरून मी अर्क बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला, त्यात नावे होती, मी ती उतरवून घेतली. किती जुळणी झाली याचे आकडे बाजूलाच छापलेले होते; ते पाहिले नाहीत. यादीत फायटॉल होते, हेक्झाडेकॅनोइक आम्ल होते, लांब साखळीचे हायड्रोकार्बन होते. मी प्रत्येकापुढे औषधी गुण लिहिले: जंतुनाशक, दाहशामक, ऑक्सिडीकरणरोधक. फायटॉल हा हरितद्रव्याच्याच रेणूचा तुटलेला भाग आहे आणि हेक्झाडेकॅनोइक, म्हणजे पामिटिक, आम्ल जवळपास प्रत्येक वनस्पतीत सापडते. पालकाचा अर्क पाठवला असता तरी ही नावे आली असती. अडुळशाबद्दल ती काहीच सांगत नव्हती.

त्याच यादीत थॅलेट वर्गातली संयुगे होती. ही प्लास्टिक लवचीक करायला वापरतात. ती प्लास्टिकशी पक्की बांधलेली नसतात. हेक्झेनसारख्या द्रावकाने सहज बाहेर येतात. मी पाने पॉलिथिनमध्ये ठेवली होती, द्रावक प्लास्टिकच्या पिचकारी-बाटलीतून ओतला होता आणि अर्क प्लास्टिकच्याच बाटलीत भरून पाठवला होता. काही नावे सिलॉक्सेन वर्गातली होती. ती बहुधा यंत्राच्या नळीच्या आतल्या लेपातून आणि रबरी बुचातून येतात. हे सारे मी अडुळशाच्या पानात लिहून टाकले, आणि थॅलेटपुढेही “जंतुनाशक” लिहिले, कारण माझ्याआधी दुसऱ्या कुणी दुसऱ्या झाडाच्या लेखात तसे लिहिले होते.

वासिसीन का नव्हते? मी हेक्झेनचा अर्क पाठवला म्हणून. तो स्वच्छ दिसत होता आणि लवकर तयार झाला होता. हेक्झेन मेण, तेल, हायड्रोकार्बन ओढून घेते. वासिसीन त्यात फारसे उतरत नाही. ते अल्कोहोलमध्ये किंवा आम्लधर्मी पाण्यात उतरते, आणि मग अमोनिया घालून क्लोरोफॉर्ममध्ये घ्यावे लागते. साखरेला जोडलेली मोठी संयुगे तर वायुरूपच होत नाहीत, तेव्हा ती या यंत्राला थेट दिसणारच नव्हती. मी चुकीच्या दारात उभा होतो, आणि दाराआड कोण नाही याची मला चौकशीही करावीशी वाटली नाही.

हे उलगडले ते विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासताना. एकाचा निर्गुंडीवर, दुसऱ्याचा पळसावर, तिसऱ्याचा तुळशीवर. झाडे वेगळी, जागा वेगळ्या, आणि तिन्ही तक्त्यांत तेच थॅलेट. मी माझा जुना अहवाल काढला. थॅलेटचा तुकडा बहुधा १४९ या वस्तुमानावर ठळक दिसतो; सिलॉक्सेनचे ७३, २०७, २८१ असे. ते सगळे तिथे होते. मग पान न घालता नुसते हेक्झेन त्याच प्रकारच्या पिशवीतून आणि बाटलीतून फिरवून पाठवले. तीच शिखरे आली. काही शैवाले आणि सूक्ष्मजीव थॅलेट स्वतः बनवतात असे दावे आहेत, पण ते सिद्ध करायला किरणोत्सारी कार्बन वापरून तो रेणूत गेल्याचे दाखवावे लागते. लेख छापला तेव्हा माझ्याकडे साधा कोरा नमुनाही नव्हता.

नियतकालिकाला दुरुस्तीसाठी लिहिले. उत्तर आले नाही. दरम्यान त्या लेखाचे संदर्भ इतर लेखांत गेले होते आणि त्या तक्त्यातली नावे नव्या तक्त्यांना आधार म्हणून वापरली जात होती. एक न तपासलेले नाव असे दहा कागदांवर पोहोचले की ते खरे वाटू लागते.

कागदावरच्या चुकीने कागद खराब होतो. पुढची चूक माणसांपर्यंत गेली.

जवळच्या एका गावात महिला बचत गटापुढे मी अडुळशावर बोललो. फांद्या नेल्या होत्या, त्या वाटल्या. बोलताना म्हणालो, “हे नैसर्गिक आहे, याचा काही अपाय नाही. कुणीही घ्या.” काही दिवसांनी तिथल्या आशाताईंचा फोन आला. बैठकीला आलेल्यांपैकी एक पोटुशी होती आणि खोकल्यासाठी रोज काढा घेऊ लागली होती. आशाताईंनी तो बंद करवला होता. त्या मला म्हणाल्या, “सर, आमच्या गावची जुनी सुईणसुद्धा पोटुशीला अडुळसा देत नाही. तुम्ही कसं काय सांगितलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेने वासिसीनच्या याच परिणामावर मोठे काम केले होते: ते गर्भाशयाचे आकुंचन घडवते. सी. के. अटल यांचा त्यावरचा ग्रंथ १९८० चा आहे. जुन्या वैद्यकग्रंथांतही सुलभ प्रसूतीसाठी अडुळशाच्या मुळाचा लेप सांगितला आहे. प्राण्यांवरच्या सगळ्या प्रयोगांचे निष्कर्ष सारखे नाहीत, हे खरे; पण शंका असताना गरोदर बाईला ते देऊ नये, याबद्दल दुमत नाही. ज्या संयुगाचे नाव घेऊन मी अडुळशाची थोरवी गात होतो, त्याचे हेच काम मला माहीत नव्हते. त्या बाईला काही झाले नाही, बाळंतपण सुखरूप झाले. त्याचे श्रेय आशाताईंचे आहे. मी त्या गावात पुन्हा गेलो, बैठकीत उभा राहून मागचे सांगणे चुकले असे म्हणालो आणि कुणी घेऊ नये ते सांगितले.

तसेच क्षयाचे. जुने वैद्यक अडुळसा क्षयाच्या खोकल्याला देते. ब्रोमहेक्सिन आणि अँब्रॉक्सॉल यांचा क्षयाच्या जंतूंवर काचेतल्या प्रयोगात परिणाम दिसल्याचा एक शोधनिबंध १९९६ चा आहे. मी तो व्याख्यानांत पुरावा म्हणून सांगत असे. काचेत जंतूंची वाढ मंदावणे आणि माणसाचा क्षय बरा होणे यांत फार मोठे अंतर आहे. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि ती सलग, पूर्ण मुदतीपर्यंतच घ्यावी लागतात. काढ्यावर विसंबून कुणी ती मध्येच सोडली तर त्याच्या जिवाशी गाठ आहे. आता अडुळशाबद्दल बोलताना हे वाक्य मी आधी म्हणतो.

आणखी एक कबुली राहते. कोवळी पाने घ्यायची की जून, कच्ची वाटायची की वाफवून रस काढायचा, हे मला धडगावकडच्या एका पावरा आजोबांनी दाखवले होते. लेखात मी “स्थानिक लोक वापरतात” एवढेच लिहिले. त्यांना विचारले नाही, त्यांचा उल्लेख केला नाही. जैवविविधता कायदा २००२ चा. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोकांचे असे ज्ञान नोंदवहीत नोंदवावे अशी तरतूद त्याखाली आहे. पण कायदा नसता तरी विचारणे आणि ऋण मानणे माझ्याकडून व्हायला हवे होते. आजोबा हयात असताना ते झाले नाही.

त्यानंतर मी काम पुन्हा केले, लहान आणि सावकाश. फुलोऱ्यातली फांदी ओळखवून घेतली. एकाच जागची पाने धुऊन सावलीत वाळवली. अल्कोहोलचा अर्क काचेच्या बाटलीत ठेवला. सिलिकाच्या पातळ थरावर त्याचा ठिपका, शेजारी विकत आणलेल्या शुद्ध वासिसीनचा ठिपका, आणि तिसरा कोऱ्या द्रावकाचा. अर्कातला एक ठिपका वासिसीनच्या उंचीला आला. तोच अर्क उघडा ठेवला तेव्हा वासिसिनोनचा ठिपका गडद होत गेला. निष्कर्ष एवढाच, आणि तो मला सिद्ध करून दाखवता येतो.

विद्यार्थ्यांना आता मी नवे झाड शोधायला पाठवत नाही. जुन्याच झाडाचा एक नेमका प्रश्न देतो. तापीकाठच्या काळ्या जमिनीतला अडुळसा आणि तोरणमाळचा अडुळसा, यांच्या पानांत वासिसीन सारखेच असते का? पावसाळ्यात किती, उन्हाळ्यात किती? कोवळ्या पानात किती, जून पानात किती? याचे उत्तर घरच्या काढ्यालाही उपयोगी आहे, कारण मूठभर पानांत नेमके किती औषध जाते आहे हे त्यावरून ठरेल, आणि कुणाला ते अजिबात द्यायचे नाही हे सांगताना हातात आकडा असेल. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. शुद्ध वासिसीनचा छोटा नमुना लागतो, काचेची भांडी लागतात आणि प्रत्येक वेळी एक कोरी नळी लागते. शहादा, तळोदा, अक्कलकुवा, नंदुरबार इथल्या महाविद्यालयांनी हे वाटून घेतले तर काही हंगामांत जिल्ह्याचा खरा तक्ता तयार होईल. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांना माझ्या वह्या, माझ्या चुकांसकट, मी द्यायला तयार आहे. आणि माझ्या जुन्या लेखाचा आधार कुणी घेतला असेल, तर त्यांनी तो काढून टाकावा.